शेवटचा चौकोन

शनिवारची दुपार आली की संयोगिताबाई इंगवल्यांचं डोकं जड व्हायला लागायचं. राजारामपुरीतलं साठ खाटांचं ट्रस्टचं इस्पितळ, चोवीस नर्सा, तीन पाळ्या, आणि सोमवारपासूनचा ड्यूटी चार्ट शनिवारी पाचच्या आत बोर्डावर लागलाच पाहिजे. बाई एकोणीस वर्षं तिथं मेट्रन होत्या. एवढ्या वर्षांतले जवळजवळ सगळे शनिवार त्यांनी फूलस्केप कागदावर रेघा मारत, शिसपेन्सिलीनं नावं भरत आणि खोडरबरानं ती पुसत काढले होते. शुक्रवारपासूनच एकेक जण दारात येऊन उभी राहायची. कुणाच्या पोराची सहामाही, कुणाच्या नवऱ्याची सेकंड शिफ्ट, कुणाच्या नणंदेची सुपारी. प्रत्येकीचं खरंच असायचं, आणि त्याचाच बाईंना जास्त शीण यायचा. खोटं असतं तर निदान रागावता आलं असतं.

त्यामुळं सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ट्रस्टचे डॉक्टर हंबीरराव केसपेपरांसाठी कॉम्प्युटर घेऊन आले आणि जाता जाता म्हणाले, की ड्यूटी चार्टही आता त्याच्यावरच काढू, तेव्हा बाकीच्यांना वाटलं बाई दुखावणार. बाईंनी एवढंच विचारलं की माणूस कधी येणार. चोपन्न वर्षांचं वय झालेलं, दोन्ही गुडघे धरलेले. ही एक कटकट गेली तर त्यांना हवीच होती.

माणूस आला तो वीरेश हत्तरकी. सकाळी पॉलिटेक्निकला शिकवायचा, संध्याकाळी राजारामपुरीतल्याच एका क्लासमध्ये फ्लोचार्टचे तास घ्यायचा. चाळिशीच्या आतला, पण दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला. मधल्या वेळात, मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता, तो इस्पितळात येई, मेट्रनच्या खोलीतल्या पंख्याखाली पाच मिनिटं काहीच न बोलता बसे आणि मग पिशवीतून हिरव्या प्लॅस्टिकची एक पट्टी काढी. त्या पट्टीत अंडाकृती, चौकोन, चौकट असे आकार कापलेले होते. पेन्सिल आत फिरवली की आकार कागदावर उतरायचा.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, की बाई, नावं तुम्ही कशी ठरवता?

"डोकं चालवून," बाई म्हणाल्या.

"मग ते डोकं मला या कागदावर पाहिजे."

त्यानं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून टेबलावर पसरली. सुरुवात आणि शेवट अंड्यात लिहायचा, जे काम करायचं ते चौकोनात, आणि जिथं प्रश्न पडतो तिथं चौकट, पत्त्यातल्या चौकटीसारखी, टोकावर उभी. चौकटीतून दोनच बाण निघतात, एक होयचा, एक नाहीचा. बाईंनी विचारलं, मधलं काही असलं तर? वीरेश सर म्हणाले, मधलं असलं तर आपला प्रश्न नीट विचारलेला नाही असं धरायचं आणि आणखी एक चौकट घालायची. "यंत्राला 'बघू' कळत नाही, बाई. 'बघू' म्हणजे नेमकं काय बघणार, ते आधी सांगावं लागतं."

बाईंना पहिले दोन आठवडे हे सगळं कंटाळवाणं वाटलं. नंतर मात्र त्या मंगळवारची वाट बघू लागल्या. एकोणीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. आयसीयूत एक तरी जुनी नर्स पाहिजे का? होय. रात्रपाळीचा आठवडा संपला की दुसऱ्या दिवशी सुट्टी पाहिजे का? होय. लागोपाठ दोन आठवडे रात्रपाळी चालेल का? नाही. अंगावर पिणारं मूल आहे का? नवरा पण रात्रपाळीला असतो का? यातल्या एकाही प्रश्नाला सर हसले नाहीत. चौकट काढायचे, बाण ओढायचे, पुढं जायचे. महिन्याभरात मेट्रनच्या खोलीची एक भिंत कॅलेंडरच्या उलट्या पानांनी भरली. आया तानाबाई झाडायला आली की केरसुणी टेकून त्या बाणांच्या मागं मागं नजर फिरवायची आणि म्हणायची, ह्यात माझं नाव कुठं हाय का बगा. तिचं नव्हतं. आयांचा चार्ट वेगळा होता.

जूनच्या शेवटी सर म्हणाले, आता कॉम्प्युटरला सांगायच्या आधी हे कागदावर चालवून बघू. त्यांनी मागच्या वर्षीची ड्यूटी रजिस्टरं मागून घेतली. एक आठवडा घ्यायचा, त्या आठवड्यातल्या रजा आणि अडचणी बाईंनी सांगायच्या, आपण भिंतीवरच्या बाणांनी जायचं, आणि शेवटी जी नावं निघतील ती बाईंनी तेव्हा लिहिलेल्या नावांशी जुळतात का ते बघायचं. जुळली तर काम झालं.

पहिला आठवडा जुळत आला, फक्त एक नाव चुकलं. दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. सर मान खाली घालून लाल पेन्सिलीनं गोल करत राहिले. दहा आठवडे झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, ह्या दानम्मा सिस्टर कोण?"

बाईंनी सांगितलं. जनरल वॉर्डला असते, उचगावला राहते, माहेर नेसरीकडचं. चांगली आहे कामाला. अकरा वर्षं झाली असतील तिला.

"नाही, म्हणजे ह्यांना रात्रपाळी आपणहून पाहिजे असते का? कारण आपले बाण जिथं संपतात, म्हणजे सगळ्यांच्या अडचणी बघून झाल्या आणि तरी एक जागा उरली, तिथं प्रत्येक वेळी तुम्ही ह्यांचं नाव घातलंय. दहा आठवड्यांत सहा वेळा. लागोपाठ दोन आठवडे नको हा आपला नियम, तोसुद्धा फक्त ह्यांच्याच बाबतीत मोडलाय."

"तिला चालतं," बाई म्हणाल्या.

"हरकत नाही. मग तसं लिहितो." सरांनी हिरवी पट्टी उचलली, भिंतीवरच्या शेवटच्या पानावर एकदम खाली एक चौकोन काढला आणि विचारलं, "काय लिहू? कुणी उरलं नाही तर दानम्मा?"

त्यांच्या आवाजात काहीही नव्हतं. दिवसातून असे पन्नास चौकोन काढणारा माणूस होता तो. बाईंनीच त्यांचा हात थांबवला. आज राहू दे म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी बघू. 'बघू' म्हटल्यावर सरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, पट्टी पिशवीत टाकली आणि ते क्लासला गेले.

रविवारी इस्पितळात शांतता असते. बाईंनी कपाटातून अकरा वर्षांची रजिस्टरं काढली आणि वहीवर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं करत दानम्माच्या रात्री मोजल्या. मोजायला रविवार पुरला नाही, सोमवारची दुपारही गेली. बाकीच्यांच्या वर्षाला साठाच्या आतबाहेर रात्री भरत होत्या. दानम्माच्या एकशेवीस, एकशेपंचवीस. एका वर्षी एकशेएकतीस. अकरा दिवाळ्यांतल्या नऊ दिवाळ्या रात्रपाळीत. बाईंनी वही मिटली, परत उघडली, एक वर्ष पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

सुरुवात कशी झाली ते त्यांना आठवत होतं. शहाऐंशीचा पावसाळा होता. शालू सिस्टरचं मूल तापलं होतं आणि रात्रीची जागा मोकळी पडली. दानम्मा नवीन लागलेली, वयानं तिशीची, पदरात पाच-सहा वर्षांची मुलगी, नवरा आदल्या वर्षी वारलेला. बाईंनी तिला विचारलं होतं, जमेल का गं? ती म्हणाली होती, "चालतंय की, बाई." त्यानंतर दोन-तीनदा विचारलं असेल. मग विचारायचं राहून गेलं. कुणाचंच मन मोडायचं नसायचं, आणि दानम्मा कधी शुक्रवारी दारात येऊन उभी राहत नसे. पेन्सिल शेवटच्या रिकाम्या घरावर आली की हात आपोआप तिचं नाव लिहायचा. बाईंना इस्पितळात सगळे न्यायी म्हणायचे. त्यांनाही तसंच वाटत आलं होतं.

बुधवारी दुपारी त्या उचगावला गेल्या. सिटी बसमधून उतरून अर्धा मैल चालावं लागलं, गुडघे बोलायला लागले. दानम्माचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं तुळस. दार मुलीनं उघडलं. शिवांजली तिचं नाव, नुकतीच अकरावीत गेलेली. तिनं बाईंना ओळखलं, पाया पडली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अव्वा झोपलीया. उठवू का?"

बाई म्हणाल्या, नको, मी बसते.

त्या दीड तास बसल्या. आतल्या खोलीच्या खिडकीच्या काचांना निळा रंग फासलेला होता. शिवांजली जमिनीवर बसून अभ्यास करत होती आणि वहीचं पान उलटतानासुद्धा ते दोन बोटांत धरून उलटत होती. शेजारची बाई काहीतरी मागायला आली, तीही दारातूनच खुणेनं बोलून गेली. भात पातेल्यात शिजत होता. बाईंनी सहज विचारलं, कुकर नाही का? मुलगी म्हणाली, हाय की, शिट्टीनं अव्वा जागी हुती म्हणून रविवारीच लावतो. हे सांगताना तिला त्यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटत नव्हतं. लहानपणापासून या घरात दिवसा असंच बोलायचं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

दानम्मा उठून बाहेर आली ती मेट्रनबाईंना बघून दचकलीच. काही चुकलं का, असं तिनं आधी विचारलं. बाईंनी मुलीला दुकानातून बिस्किटं आणायला पाठवलं आणि वही काढून दाखवली. कसं कसं मोजलं ते सांगितलं. भिंतीवरच्या बाणांचं सांगितलं, शेवटच्या चौकोनाचं सांगितलं. हे सगळं सांगत असताना आपण खुलासा देतोय की माफी मागतोय, तेच त्यांना कळेना. दानम्मा चहाच्या कपाकडं बघत ऐकत होती.

"मला वाटलं तुमास्नी ठाऊक हाय," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतं गं."

"मी म्हणायची, बाईंच्या ध्यानात यील कवातरी. मग म्हटलं, ध्यानात असूनच घालत असतील. मी एकटी बाई, कुनाला सांगायला जानार? न्हाई म्हटलं आन नोकरीच गेली तर?"

"एकदा तरी बोलायचंस."

"तुमी एकदा तरी इचारायचं हुतं की."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागवायला लागणारी ताकदसुद्धा तिच्यात उरलेली दिसत नव्हती. बाईंनी सांगितलं की आता तुझ्या रात्री बंद करते, बरीच वर्षं तुला रात्रपाळी येणार नाही असं बघते. दानम्मा म्हणाली, की त्याचा उपेग किती व्हील कुनाला ठाऊक, सुट्टीच्या रात्री बी मी जागीच असते, भिताडाला टेकून. पोरगी झोपल्याली बगत बसते. येताना बाईंना वाटलं होतं, की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही, त्या कावळा नाक्यापर्यंत उभ्या होत्या.

गुरुवारी त्यांनी वीरेश सरांना विचारलं, की शेवटच्या चौकोनात कुणाचंच नाव न घालता भागेल असं काही करता येतं का. सर म्हणाले, येतं की. प्रत्येकीच्या नावापुढं एक आकडा ठेवायचा. रात्रपाळी केली की आकडा वाढवायचा. जागा रिकामी राहिली की जिचा आकडा सगळ्यात लहान तिला ती द्यायची. सोपं आहे. त्यांनी दहा मिनिटांत बाण फिरवून दाखवला.

"फक्त एक सांगा. आकडा कुठून सुरू करायचा? शून्यापासून करू?"

बाईंना प्रश्न कळला नाही. सरांनी समजावलं. सगळ्यांना शून्य धरलं, तर मागचं मागं राहिलं, आजपासून सगळ्या सारख्या. आणि मागच्या रात्री धरून आकडे घातले, तर दानम्मा सिस्टरांचा आकडा इतका मोठा आहे, की बाकीच्या तिथवर पोचेपर्यंत त्यांचं नावच निघणार नाही. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. "अकरा वर्षं लागतील. दोन हजार आठ साल उजाडेल. कुठला आकडा घालायचा ते गणितात बसत नाही बाई, ते तुम्हालाच सांगावं लागणार."

बाईंनी सगळ्या अकरा वर्षांचे आकडे घाला म्हणून सांगितलं. ही गोष्ट बोर्डावर लागायच्या आधीच वॉर्डावॉर्डात पोचली. शालू सिस्टर सात जणींना घेऊन आली. तिचं म्हणणं, आम्ही रात्री चुकवल्या नाहीत, तुम्ही दिल्या तेवढ्या केल्या, चूक तुमची आणि भरायची आम्ही? आणि ते खरंच होतं. ज्या सात जणी आल्या त्यातल्या दोघी तर सत्त्याण्णवच्या जानेवारीत लागलेल्या होत्या. डॉक्टर हंबीररावांनी बाईंना बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना इस्पितळ चालवायचं होतं. म्हणाले, शून्यापासून धरा आणि विषय संपवा, नाहीतर ऐन पावसाळ्यात चार नर्सा सोडून जातील.

बाई आयुष्यात डॉक्टरांशी कधी वाद घालत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या पाऊण तास खुर्चीवरून उठल्या नाहीत. शून्य लिहिलं तर मी राजीनामा देते असं काही म्हणाल्या नाहीत, फक्त पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या, की शून्य हे खोटं आहे, डॉक्टर, त्या बाईचं शून्य नाही. शेवटी डॉक्टरही दमले. गेल्या एका वर्षाचे आकडे धरायचे असं ठरलं. म्हणजे दानम्माला साधारण वर्षभर रात्रपाळी येणार नव्हती. अकरा वर्षांचं एक वर्ष. बाईंनी ते घेतलं. शालू सिस्टर दिवाळीनंतर दुसऱ्या इस्पितळात गेली, जाताना भेटून गेली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीपासून चार्ट कॉम्प्युटरवर निघू लागला. शनिवारी चार वाजता प्रिंटर करकरत कागद सोडायचा, कडेची भोकांची पट्टी फाडून तानाबाई तो बोर्डावर लावायची. शुक्रवारी दारात येऊन उभं राहणं लगेच बंद झालं नाही. बाई म्हणायच्या, माझ्या हातात नाही आता, आणि असं म्हणता येतं याचं त्यांना बरं वाटायचं. पण शनिवारी दुपारी डोकं जड व्हायचं ते होतच राहिलं. इतक्या वर्षांची सवय.

दानम्माचं मात्र सरळ झालं नाही. दिवसाच्या वॉर्डात नातेवाइकांची गर्दी, डॉक्टरांचे राउंड, फोन, आरडाओरडा. रात्री एकटीनं चाळीस खाटा सांभाळणारी ती बाई दिवसा गोंधळून जायची. फेब्रुवारीत तिनं दोन पेशंटांच्या सलाईनचे कागद अदलाबदल केले. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, पण बोलणी खावी लागली. एप्रिलमध्ये ती मेट्रनच्या खोलीत आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती अशी दारात उभी होती.

"बाई, दिवसाचं मला जमंना. मला रातपाळीच द्या."

बाईंनी तिला बसवलं. पूर्वीच्या संयोगिताबाईंनी हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला असता आणि पेन्सिल उचलली असती. या वेळी त्यांनी विचारलं, झोप येते का गं आता रात्रीची? दानम्मा म्हणाली, चार-पाच तास येती. आधी किती यायची? आधी न्हाईच. मग बाई म्हणाल्या, मी तुला नाही म्हणत नाही, पण आठ दिवस विचार कर, आणि पाहिजे असेल ते तुझ्या हातानं कागदावर लिहून आण. किती रात्री, कोणत्या, सगळं. तोंडी मी ऐकणार नाही.

दानम्मा आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी आली. कागदावर तिनं लिहिलं होतं, की महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी चालेल, जास्त नको. आणि खाली दुसऱ्या पेनानं, बहुतेक शिवांजलीनं सुचवलेलं: दिवाळीत चार दिवस रजा, नेसरीला जायचं आहे. बाईंनी दोन्हींवर सही केली. सरांनी त्यासाठी भिंतीवर एक चौकट वाढवली, 'स्वतः लेखी मागितली का?'

त्या दिवाळीत रात्रीची एक जागा पुन्हा उरली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दोन नर्सा तापानं आडव्या पडल्या, एक गावाला गेलेली. कॉम्प्युटरनं जिचा आकडा लहान तिचं नाव काढलं, तर ती बाळंतपणाच्या रजेवर. त्याच्यावरच्या आकड्याची बाळंतीण होऊन दोनच महिने झालेली. बाकीच्या एकतर पाळीवर, नाहीतर रजेवर. कागद संपला, जागा तशीच राहिली. नेसरीला दानम्माच्या भावाच्या शेजाऱ्याकडं फोन होता आणि तो नंबर बाईंच्या टेबलाच्या काचेखालीच होता. रजेच्या अर्जावर पत्ता म्हणून तिनंच लिहून दिलेला. बाई त्या नंबराकडं बराच वेळ बघत बसल्या. बोलावलं असतं तर ती आली असती. मग त्यांनी दिवाळीला घरी आलेल्या पुतणीला निरोप पाठवला की लक्ष्मीपूजन तुम्ही उरकून घ्या, आणि खुंटीवरचा पांढरा कोट काढला.

दोन रात्री त्यांनी स्वतः केल्या. पहिल्या रात्रीनंतर सकाळी सातला रिक्षानं घरी आल्या तेव्हा गल्लीत पोरांनी लवंगी माळा लावायला सुरुवात केली होती. बाईंनी खिडक्या लावल्या, डोक्यावरून पांघरूण घेतलं. झोप आली नाही. साडेदहाला त्या उठल्या आणि सुजलेल्या पायांवर उभं राहून त्यांनी चहा टाकला. दुसरी सकाळही तशीच गेली. चोपन्न-पंचावन्नाव्या वर्षी दोन रात्रींनी एवढं होतं. त्यापुढं त्यांनी काही मोजलं नाही.

नोव्हेंबरात वीरेश सर आले तेव्हा त्यांचा आवाज इतका बसला होता, की ते खुणेनंच बोलत होते. बाई म्हणाल्या, तो शेवटचा चौकोन आपण काढून टाकला, पण वेळ येते, सर. कुणीच उरत नाही अशी वेळ येते. तिथं एक नाव लागतं. माझं लिहा.

सरांनी कागदावर लिहून विचारलं, आणि तुम्ही रिटायर झाल्यावर?

"माझं नाव नको मग. मेट्रन असं लिहा. जी असेल ती."

सरांनी हिरवी पट्टी काढली, चौकोन काढला, आत 'मेट्रन' असं लिहिलं आणि तिथून बाण शेवटच्या अंड्याकडं नेला. पुढच्या तीन वर्षांत तो चौकोन पाच वेळा लागला. बाईंनी पाचही वेळा कुरकुर केली आणि पाचही वेळा रात्र काढली.

दोन हजार एकमध्ये त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टर हंबीरराव त्यांच्या न्यायीपणाबद्दल बोलले. बाई मान खाली घालून बसल्या. तिसऱ्या रांगेत दानम्मा होती, तीही दुसरीकडं बघत होती. नंतर तिनं पेढ्याचा पुडा आणून दिला, शिवांजली डी. एड.ला लागल्याचा. दोघी पायरीवर थोडा वेळ बसल्या, पण बोलण्यासारखं फार काही निघालं नाही.

दोन-अडीच वर्षांनी गुडघ्याच्या औषधासाठी बाई इस्पितळात गेल्या, तेव्हा दानम्मा ओपीडीला दिवसपाळीवर होती. तिनं खुर्ची दिली, नंबर लवकर लावून दिला. बोलता बोलता म्हणाली, की नव्या मेट्रनबाईंनी तो चौकोन पहिल्याच महिन्यात काढून टाकायला लावला. कॉम्प्युटरवाल्या पोराला म्हणल्या, असलं कुठं असतंय का?

"आणि आकडे?" बाईंनी विचारलं.

"आकडे हाईत की. ते चालू हाईत."

"मग कुणी उरलं नाही तर काय करतात?"

दानम्मानं खांदे उडवले. "फोन करत्यात. एकीला, मग दुसरीला. जी उचलंल ती." आणि मग म्हणाली, "मी न्हाई उचलत बाई."

आतून बाईंचा नंबर पुकारला. दानम्मानं त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि त्या डॉक्टरांच्या खोलीकडं हळूहळू चालू लागल्या.